शून्य पॉइंट दोन

येऊरच्या फाटकापाशी, सकाळी साडेसहाला,
दोन गाड्या उभ्या.
दोन्ही दोन दारांच्या, दोन्ही वापरलेल्या,
दोन्ही माझ्या ग्रॅच्युइटीच्या आवाक्यातल्या.
एक राखाडी, एक लाल.
दलाल चेतन मढवी म्हणतो, मॅडम, आधी चालवून बघा, मग बोलू.
मी आधी चालवत नाही.
मी आधी दार लावते.

राखाडीचं लागलं
बँकेतल्या लॉकरसारखं:
एकदाच, आणि नंतर काहीच नाही.
डॅशबोर्डवर अंगठा दाबला, तो किंचित आत गेला,
मळून झाकून ठेवलेल्या कणकेत जावा तसा.
फटी मी नखाने मोजते.
एकतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये
दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी साचे आखले,
तेवढी सवय राहिली आहे हाताला.
नख कुठेच अडलं नाही.
दोन वर्षांनी कुठे सुटेल म्हणून शिवण चाचपली.
सुटणार नव्हती.

मग वळणं.
राखाडीने माझा अर्ज घेतला,
वरच्या साहेबांना विचारलं,
आणि वळली.
खालचा खड्डा मला
शेजारणीकडून कळल्यासारखा कळला.

लाल.
दार दोनदा लावावं लागलं, पत्र्याच्या डब्यासारखं.
ग्लोव्हबॉक्स एका बाजूने हसत होता.
छताचं कापड कोपऱ्यात सुटलेलं,
कुणीतरी फेव्हिक्विकने चिकटवून आणखी बिघडवलेलं.
पण पहिल्याच वळणावर
पाठीखालून समजलं, मागचं डावं चाक
आता पाचोळ्यावर आहे, आता नाही.
दुसऱ्या वळणावर मी वळायचं ठरवलं
आणि ठरवेपर्यंत वळून झालं होतं.
चेतनने दारावरचं हँडल धरलं.
ते त्याच्या हातात आलं.

आणि तिसऱ्या गिअरमध्ये, काटा तीनच्या जरा पुढे गेला की,
एसीच्या उजव्या जाळीमागे
टर्रर्र.

पाटोणापाड्याच्या अलीकडे गाडी थांबवली.
जाळी ओढून काढली, उलटी केली.
पाठीवर, जिथे गिऱ्हाईक जन्मात बघत नाही,
बारीक गोलात सात.
सात नंबरची कॅव्हिटी.
ड्रॉइंग माझं. स्टीलमध्ये उतरवली रझाक मुल्लांनी,
रात्रपाळीत, डोळ्यात पाणी येईपर्यंत.

तेव्हा खरेदी खात्याचा एक माणूस आला होता पुण्याहून.
क्लिप शून्य पॉइंट दोनने बारीक करा,
नगामागे नव्वद पैसे सुटतात.
मी म्हटलं, वाजेल.
तो म्हणाला, वाजू दे हो बाई,
मागच्या सस्पेन्शनला पैसे कमी पडतायत.
त्या रात्री भाकऱ्या थापता थापता
त्याच्या सात पिढ्या काढल्या होत्या मी.
सासूबाई म्हणाल्या, भाकरीला भेगा पडतायत.

नव्वद पैसे कुठे गेले
ते आज कळलं.
मघाच्या त्या दुसऱ्या वळणात होते.

त्या माणसाचं नावही आठवत नाही.
रझाकभाईंना सांगायला हवं. ते कौशाला असतात,
ऐकू कमी येतं आता, त्यांना ही गाडी आवडेल.

कपाळावरची मखमली टिकली काढली,
क्लिपच्या मागे चिकटवली.
जाडी शून्य पॉइंट दोन असेल. कदाचित थोडी जास्तच.
जाळी दाबली. टक.
चेतन हँडल हातात घेऊन उभा होता,
ते कुठे ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.
म्हणाला, मॅडम, राखाडीचे वीस हजार कमी करतो.

उतरताना जाळी गप्प होती.
उपवनचं पाणी झाडांतून दिसायला लागलं, तेव्हा
मागच्या काचेपाशी
काहीतरी नवीन सुरू झालं, हलकं, दातांवर दात.
एका हाताने पर्स उघडली,
टिकल्यांचं पाकीट चाचपलं.
अकरा होत्या.