कूलरची ताटी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
सज्ज्यावरून कूलर उतरतो आमच्याकडे,
आणि होमराज, शर्ट काढून, पेचकस दातात धरून
त्याच्यापुढे असा बसतो
जसं काही हे यंत्र आजच बघून राहिला आहे.

एकोणीस वर्षं. दरवर्षी एखादा नट उरतो.
उरलेले सगळे लोणच्याच्या जुन्या बरणीत आहेत.
मी मोजत नाही. तोच मोजतो, आणि सांगतो,
"यंदा दोन उरले वं."
दुसरा कोणी खिशात टाकून गप्प बसला असता.

मला बघायला आला होता नंदनवनात, मामांकडे.
पोह्यांवर तर्री अजून मागितली,
आणि मोठ्यांसमोर म्हणाला, बारावीला दोनदा बसलो,
पुढचा हा दात माझा नाही.
त्याच्या काकूनं कपाळावर हात मारला.
मी ट्रेकडे बघत हसू गिळलं.

वाटलं होतं, असा खरं बोलणारा माणूस
सोबतीला सोपा असेल.
नाही.
सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून आणलेली पिवळी साडी नेसले,
तर म्हणाला, कावीळ झाल्यावानी दिसते.
माझ्या भावाला, त्याच्याच वास्तूच्या पंगतीत,
भिंत वाकडी आहे म्हणाला.
(भिंत वाकडी होती.)
सिलिंडरचा नंबर लावायला विसरतो.
माझा वाढदिवस सतराला की सत्तावीसला,
यावर वाद घालतो, माझ्याशीच.
रागावला की गाडी काढून अंबाझरीपर्यंत जातो
आणि तिथून फोन करतो, पेट्रोल संपलं.

मग तो ऑगस्ट.
मेडिकलच्या ओपीडीबाहेर सिमेंटचा बाक,
रिपोर्टला तीन दिवस.
वहिनी म्हणाल्या, काही निघत नाही बघा.
शेजारणीनं अंगाऱ्याची पुडी दिली.
डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका.
सगळ्यांचे शब्द ओल्या साबणासारखे,
धरायला गेलं की सुटायचे.

होमराजनं चप्पल काढली. घातली. पुन्हा काढली.
"मले भेव लागून राहिलं," म्हणाला.
बस्.
त्या तीन दिवसांत ते एकच वाक्य होतं
ज्याला पाठ टेकवून मला झोप लागली.

रिपोर्टचं इथे सांगत नाही.
मी आहे, हे लिहून राहिली आहे.

आता रात्रीचे बारा. भिंतीला हात लावावा तर
दुपार अजून आत बसलेली.
कूलर खडखडतो, वाळ्याचा वास पसरतो,
आणि ताटी तिरपी बसली म्हणून
थोड्या थोड्या वेळानं एक थेंब उडतो
थेट माझ्या कपाळावर.

"पाणी उडते का?" अंधारातून विचारतो.
उडतं, म्हणते. मलाही आता लपवणं जमत नाही.
"उद्या पाहतो."
मग कूस बदलतो, थोडा थांबतो,
"जमते का नाही, माहीत नाही."

मी उशी चार बोटं
त्याच्याकडे सरकवते.