रुवीतला जुना लॅपटॉप

अडतीस रियाल. शिहाब म्हणाला,
"मॅडमचा व्हिसा संपला, घाईत विकला.
पुसून घे."

उघडला, तर जोसेलिन अजून आतच:
बायोडेटा, बायोडेटा नवा, बायोडेटा शेवटचा,
पासपोर्टचं तिरकं स्कॅन,
पुढचे दोन दात पडलेला मुलगा.
बघितला नाही असं म्हणणार नाही.

ओळखीच्या वायफायच्या यादीत
वॉर्ड चार, अल-खुवैरचं कुणाचंसं किचन,
शेवटी विमानतळ.

सगळं काढायचं? दोनदा विचारलं त्यानं.
हो म्हटलं
आणि चहा ठेवायला उठलो.

आलो तेव्हा स्क्रीन कोरी.
गावातलं एकही वायफाय ओळखीचं नाही,
नुसता भाषा विचारत बसलेला.

सीबला उतरलो त्या रात्री
मीही आधी तेच विचारत फिरलो होतो.

यादी खाली सरकवत गेलो.
मराठी होती. बरीच खाली.