सामाईक

संकेश्वराच्या अलीकडे, कारखान्याच्या वजनकाट्यावर
पहाटे अडीचला यंत्र म्हणालं: जागा शिल्लक नाही.
डिस्क तर अर्धी रिकामी.
बाहेर त्रेचाळीस ट्रॉल्या, धुकं, मळीचा वास,
आणि काचेवर टकटक करणारं एक बोट:
"मॅडम, तूक आयतेन्री?"
"स्वल्प तडीरी," ईरप्पा म्हणाला, मग माझ्याकडे वळून,
"जरा बघा की हो."

दोन प्रोग्राम आहेत इथे.
एक काट्याकडून वजन ऐकून घेतो,
दुसरा पावती छापतो, वर कन्नड, खाली मराठी.
एकमेकांशी ते बोलत नाहीत.
मधे एक जागा आहे स्मृतीची, दोघांची,
आमच्या मळ्यातल्या सामाईक विहिरीसारखी:
एकाची पाळी असली की दुसऱ्याने मोटर लावायची नाही.
गंमत अशी की दोघांच्या नकाशात तिचा पत्ता वेगळा.
एकाच्या लेखी ती शाळेमागे,
दुसऱ्याच्या लेखी नाक्यापलीकडे.
पाणी तेच.

कुणाला किती जागा, हे कर्नल ठरवतो.
हलगेकर सरांची वही अजून खणात आहे, चहाचा डाग पडलेली:
"शम-मॅक्स बाइटांत मोज. शम-ऑल पानांत.
एक पान चार हजार शहाण्णव बाइटांचं.
मी एकदा गोंधळलो, तर चार दिवस गाळप बंद."
आणि खाली, बारीक अक्षरात:
"नावात शम आहे, पण शांती नाही."

एक ओळ लिहिली असती, आकडा दुप्पट,
कर्नलने मुकाट मानला असता,
आणि मी घरी जाऊन झोपले असते.
बोटं त्या ओळीवर होतीच.
पण आधी यादी मागवली.

एकसष्ट तुकडे.
प्रोग्राम मधेच कोसळला की मागे राहिलेले,
प्रत्येकासमोर एकच नोंद: जोडलेले, शून्य.
धरणारा गेला तरी जागा सुटत नाही,
कुणीतरी सोड म्हणावं लागतं.

पुसणार होते. सव्विसावा सहज उघडला.
एमएच शून्य नऊची ट्रॉली, नूलची.
सतरा टन चारशे दहा किलो.
मंगळवार, रात्री एक वाजून सात मिनिटं.

ईरप्पा खुर्चीतून उठला.
"सट्टुप्पाची."
तीन दिवस तो माणूस गेटवर बसून होता,
काट्यावर चढलो होतो म्हणत होता,
आणि आम्ही सगळे त्याला दोन्ही भाषांत सांगत होतो
की नोंद नाही.

हाताने पावती लिहिली. ईरप्पाने सही केली.
सट्टुप्पाने ती ट्यूबलाइटखाली धरून दोनदा वाचली.
"मग इतके दिवस हे कुठं होतं?"
"इथंच."
"इथंच म्हणजे?"
मला नीट सांगता आलं नाही.
त्याने पावती टोपीत घातली
आणि चहाला चला असंही म्हणाला नाही.

उरलेले साठ मी एकेक उघडून बघितले.
सगळे रिकामे, एकात अर्धवट तारीख.
पुसले. काटा हलला, पहिली ट्रॉली करकरत वर आली.

वहीत सरांच्या ओळींखाली लिहिलं:
शम-ऑल वाढवला नाही.
पुसण्याआधी वाचावं.
मग पेन बंद करता करता आठवलं,
मागच्या हंगामात मीच
न वाचता यंत्र तीनदा बंद करून चालू केलं होतं.