एजंट खाली चहाला गेला तेव्हा

बसा. म्हणजे उभ्याच राहा, खुर्च्या खाली नेल्यात.
लोणकर चहा पिऊन यायला बारा मिनिटं लावतो,
लिफ्ट बंद असेल तर वीस.
तेवढ्यात सांगते.

ही भिंत बघा. बाकी तिघींना जुना पिस्ता रंग,
हिलाच एकटीला नवा का,
असं विचारायचं असतं, कुठल्याही घरात.
हात ठेवा. गार लागतं ना?
पलीकडे माझी मोरी, तिच्यावर थॉमसबाईंची.
पाच वर्षं आम्ही दोघी एकमेकींना पत्रं लिहितोय,
आवक-जावक क्रमांक घालून,
आणि नाताळात त्या केक पाठवतात.
फरशी उखडावीच लागेल. खर्च निम्मा-निम्मा.
मे संपायच्या आत करा.
मी दरवर्षी पुढच्या वर्षी म्हटलं.

आणि घर बघायला रविवारी सकाळी येऊ नये.
रविवारी सगळीच घरं आंघोळ करून बसलेली असतात.
बुधवारी यावं, दुपारी चारला, आणि नळ सोडावा.
महापालिकेचं पाणी उंड्रीत आमच्याकडे नकाशात येतं.
बाकी टँकर. मार्चपासून दिवसाला अकरा.

बिल्डरच्या पुस्तिकेत इथे तळं होतं.
तळ्यात दोन हंस.
हंस बघून मी एकवीस हजारांचा चेक फाडला होता.
तिथे आता ट्रान्सफॉर्मर आहे.
तोही लागतोच म्हणा.

त्या घेवड्याच्या वाफ्यांवरून
चोवीस मीटरचा रस्ता जाणार आहे.
सहा महिन्यांनी एकदा पेपरात येतं, ‘लवकरच’.
की लोणकर फुटामागे तीनशे वाढवतो,
आणि घेवडा तोडायला बायका येतात
नेहमीच्या वेळेला.

मोजपट्टी आणलीत? आणत जा.
कागदावर सहाशे चाळीस, माझ्या हातानं सहाशे बावीस.
बत्तीस वर्षं लॅबमध्ये काढली मी,
मोजल्याशिवाय आकडा लिहिला नाही,
इथे मात्र सही आधी केली.

भोगवटा पत्र आहे, ए आणि बी विंगचं.
सी विंगचं नाही, म्हणून सी विंग स्वस्त.
लोणकर जाता जाता दाखवेल तुम्हाला, सहज म्हणून.
जमीन अजून बिल्डरच्या नावावर.
एकशे बारा घरं, कुणाचंच सात-बाऱ्यावर नाव नाही,
तेरा वर्षं हवेत राहतोय आम्ही,
हप्ते मात्र जमिनीवरून भरले.
मानीव अभिहस्तांतरणाची फाइल माझ्याकडेच आहे,
निळी, रबर लावलेली.
सभेला कोरम होत नाही. अर्धा तास थांबतो,
मग तीच सभा, त्याच जागी,
आठ माणसं आणि वॉचमनचा मुलगा.

बघा, तुम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलात.
बाई वेडी आहे का, स्वतःचंच घर...

गुडघे हो.
मी कुठे जातेय? बी विंगचा तळमजला मिळालाय.
उद्या पार्किंगमध्ये, कचऱ्याच्या डब्यांपाशी,
रोज समोर येणार तुम्ही. कुठे तोंड लपवू?

शिवाय खरं सांगू, तीन आठवड्यांत सात जण येऊन गेले.
सातही जणांनी किचन मॉड्युलर आहे का विचारलं.
तुम्ही मघाशी, बोलता बोलता,
वाकून सिंकखाली हात घातलात
आणि बोटं हुंगलीत.

मी सेक्रेटरी आहे, आठ वर्षं.
दुसरं कुणी उभं राहत नाही.

लिफ्ट वाजली. आला.

काही नाही हो लोणकर, हवेचं बोलत होतो.
वारा फार छान येतो म्हटलं.
आणि ते खरंच आहे बरं का,
ती खिडकी उघडा. जोरात ओढा,
थोडी अडकते.