चाळीस अक्षरं

दोंडाईच्याच्या वजनकाट्यावर, पत्र्याच्या खोलीत
मी नाकाला रुमाल बांधून बसलो.
बाहेर नजर जाईल तिथवर मिरची पसरलेली,
आत संगणक, ज्याचा पंखा
पंधरा वर्षं तीच मिरची ओढत होता.

तक्रार एवढीच:
धुळ्याच्या हापिसात शनिवारी नवी आवृत्ती आली
आणि सोमवारपासून काट्याचे निरोप जात नाहीत.
पडद्यावर एकच ओळ, लाल:
सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही.
"लाल त बाहेर बी शे," दगा अण्णा म्हणाले.
"ते समजस. हाई समजत नही."

आधी घड्याळ पाहिलं.
सगळ्यात आधी घड्याळ पाहावं, हे मी ठेच खाऊन शिकलोय.
आतला सेल मेलेला. संगणकाच्या मते
आज एक जानेवारी दोन हजार दोन,
धुळ्याचं प्रमाणपत्र अजून जन्मायचं होतं.
तीस रुपयांचा सेल. तारीख आजवर आणली.
लाल ओळ तिथंच.

मग नोंदी उघडल्या.
जुनी म्हणते, माझ्याकडे ही दोन कुलपं.
नवी म्हणते, ही तर कुणीही टाचणीनं उघडेल.
जुनी पुन्हा तीच दोन दाखवते.
नवी फोन ठेवते.
एका मिनिटात चौदा वेळा हेच.

नवीला सांगता आलं असतं, घे चालवून.
एक खूण काढायची, बस.
काढली नाही. पावतीत भाव असतो,
आणि दोंडाईच्यात भिंतींनाही दलाली मिळते.
नवी आवृत्ती या डब्याला पेलणार नव्हती,
म्हणून मधली शोधली, चार वर्षांपूर्वीची,
माझ्याच पेन ड्राइव्हमध्ये, भाच्याच्या लग्नाच्या फोटोंखाली.

जोडणी झाली. पण धुळ्याच्या पडद्यानं विचारलं:
समोरचा अनोळखी आहे. नाव: दगा.
विश्वास ठेवायचा?

मी हसलो. अण्णा नाही हसले.
"मना पहिले तीन गयात.
म्हनीसन मायनी ठेवं हाई नाव. यमले दगा देवाले."

फोन लावला. दोन्हीकडचा ठसा जुळवायचा,
चाळीस अक्षरं, मोठ्यानं.
अण्णा निवृत्तीआधी एसटीत कंडक्टर. चष्मा लावला, सुरू:
"नऊ. चार. अमळनेर. फागणे. शून्य.
एरंडोल, एरंडोल. सात. बोरकुंड..."
पलीकडून चेतना भामरे,
सहा वर्षं जी फक्त 'पावती मिळाली, आभार' लिहीत आली,
मागोमाग म्हणत होती. चिमठाण्याला अडखळली.
"सी, सी," मी म्हणालो.
"चिमठाणे," अण्णा म्हणाले,
झोपलेल्या प्रवाशाला उठवावं तसं.

एकतिसाव्या अक्षरावर तिचा आवाज बदलला.
"आप्पा, तुम्ही कोनता गावना?"
"कापडण्याना. तू?"
"नेरनी."
"नेर त मना मामानं गाव शे!"
मी बोटांनी दाखवलं, अजून नऊ बाकी.

"दोंडाईचा," शेवटी ते म्हणाले. गाडी थांबली.
"बराबर शे," ती म्हणाली.

हिरवं झालं.
पहिला निरोप गेला, कुलूपबंद.
मी वाचला, कारण मी तिथंच उभा होतो:
गोणी बेचाळीस, वजन, भाव, गाडीचा नंबर,
आणि खाली, पावतीत कधीच नसलेली एक ओळ:
पांझराकाठनी चिंच शे का आजून?

तेवढ्यात मला शिंका सुरू झाल्या.
उत्तर काय आलं, दिसलं नाही.