अग्राह्य चिन्ह

हिलोच्या बंदरात, होड्यांच्या नोंदणीखिडकीपाशी
नोहेआ कपुनिआई आले, हातात छापील कागद.
"माझी होडी," म्हणाले, "तुम्ही कधी घेतलीत?"

होडीचं नाव कोʻउ मकानी. माझा वारा.
कागदावर आलं होतं: कोउ मकानी.
तुझा वारा.

मधलं चिन्ह गेलं होतं,
उलट्या स्वल्पविरामासारखं, डासाएवढं.
ओकिना म्हणतात त्याला.
तिथे घसा क्षणभर दार लावतो नि उघडतो,
बस, तेवढाच उच्चार.
ध चा मा करायलाही निदान एक मा लागतो.
इथे नुसता अडवलेला श्वास गाळला
आणि चाळीस वर्षांची होडी दुसऱ्याची झाली.

मी कोड उघडला.
टेत्सुओने निवृत्तीआधी लिहिलेलं फंक्शन:
ए ते झेड ठेव, आकडे ठेव, मोकळी जागा ठेव,
बाकी जे येईल त्याच्या जागी
दोन अवतरणचिन्हं, आणि त्यांच्या मध्ये
खरोखरच काही नाही.
वर शेरा: नंतर बघू.

टेत्सुओला काय बोलणार?
एका सुट्या अवतरणचिन्हाने कधीतरी
कुणाचा तरी अख्खा तक्ता पुसला असेल.
तेव्हापासून दारावरचा पहारेकरी
अनोळखी दिसला की चोर म्हणतो.

रात्री युनिकोडच्या यादीत शोधत बसले.
वाटलं होतं, विरामचिन्हांच्या पंगतीत सापडेल,
अर्धविरामाच्या शेजारी कुठेतरी.
नव्हतं तिथे.
सापडलं तेव्हा त्याच्यापुढे लिहिलं होतं: अक्षर.
मी दोनदा वाचलं.

मग गाळणीची ओळ खोडली.
अक्षर असेल ते आत घे, कुठल्याही लिपीतलं.
फोनवरून घाईत कुणी साधं अवतरणचिन्ह टाकलं
आणि ते दोन स्वरांमध्ये असलं, तर ओकिना समज.
ओ'ब्रायनबाईंचं त्यांचं त्यांना राहू दे.
दारात कुणाला कापू नकोस;
पुढे पानावर मांडशील तेव्हा
मजकूर म्हणून मांड,
कुणाचं नाव आज्ञा समजून पाळत सुटू नकोस.

सकाळी नोहेआंनी नवा कागद
खिडकीच्या उजेडात तिरका धरला.
नाव मोठ्याने वाचलं.
मध्ये, घशापाशी, थांबले. एवढंसं.
मागे रांगेतला पोरगाही मोबाइलवरून वर बघू लागला.

"हं," म्हणाले, कागदाची घडी केली,
"आणि फी?
ती पुन्हा भरायची का?"