उदबत्तीचा धूर

पाचपावलीतला दवाखाना, मे महिना, सकाळचे साडेनऊ,
आणि चार बाकांवर एकोणतीस माणसं.
माझ्या हातात फॉर्म. सत्तेचाळीस प्रश्न,
उत्तरं तीनच: आहे, नाही, लागू नाही.

पहिला प्रश्न हात धुण्याचा.
बेसिन आहे. नळ आहे. पाणी एक दिवसाआड.
साबण?
हेडाऊ सिस्टर कपाटाचं कुलूप काढून दाखवतात,
वेष्टनातला, नवा कोरा.
"बाहेर ठेवला का जातो जी."
मी 'आहे' लिहिते.
मग खोडते.
मग बराच वेळ पेन नुसताच धरून ठेवते.

ड्रेसिंगच्या खोलीत सुयांचा डबा गळ्यापर्यंत आलेला.
ट्रेमध्ये दहा जणांची एक कुपी,
तिच्या रबरी टाळूला भोकं,
आणि उघडल्याची तारीख कुठेच नाही.
"काल उघडली," सिस्टर म्हणतात,
"नाही, काल बुद्धपौर्णिमेची सुट्टी होती. परवा."
मी त्यांच्याकडे बघत नाही.
मीही अकरा वर्षं अशाच खोलीत उभी होते,
माझ्याही कुप्या नेहमी परवाच उघडायच्या.

खिडकीत कूलर. टाकीत बोट घालते,
बोटाला शेवाळ, पाण्यात वळवळ.
"शुक्रवारी बदलवतो ना पाणी," शालिकराम म्हणतो.
कोणत्या शुक्रवारी,
हे आम्ही दोघंही विचारत नाही.

"एक उदबत्ती मिळेल?"
मीटरच्या पेटीवरच्या गणपतीपुढून तो घेऊन येतो,
पेटवून देतो, चपला काढतो, हात जोडतो.
मी ती कूलरसमोर धरते.

धूर आधी गोंधळतो.
मग त्याला वाट सापडते:
गणवीर नावाच्या माणसाच्या खांद्यावरून,
(तीन आठवड्यांचा खोकला, तोंडावर दुपट्टा,
मांडीवर एक्सरेचा लिफाफा)
केसपेपरच्या खिडकीवरून,
भिंतीला घासून वळतो,
आणि लसीच्या टेबलापाशी
दीड महिन्याच्या एका पोरीच्या टाळूवर
अंगारा लावावा तसा उतरतो.

सगळे बघतात.
पोरीची आई पदर पुढे ओढते.

कूलर बंद करा म्हणावं, तर बाहेर पंचेचाळीस.
गणवीरला बाहेर बसा म्हणावं, तर बाहेर पंचेचाळीस.
फॉर्ममध्ये वाऱ्याला रकाना आहे,
उन्हाला नाही.

"मी जातो जी निंबाखाली," तो स्वतःच उठतो,
आणि उठता उठता खोकतो,
आणि खोकल्याबद्दल माफी मागतो.
"बसा," हेडाऊ सिस्टर म्हणतात.
"शालिकराम, बाक धर तिकडून."

बाक सरकतो, फरशी किंचाळते.
मागच्या दाराची कडी कित्येक वर्षांनी निघते,
गंजाचा चुरा पडतो, ऊन आत येऊन उभं राहतं.
गणवीर दाराशी, पोरगी कूलरपाशी.
पुन्हा उदबत्ती.
अर्धा धूर दारातून निघून जातो.
अर्धा अजून घुटमळतो.
मी 'अर्धं' असं लिहिते,
चौथं उत्तर, माझ्या अक्षरात, रकान्याबाहेर.

शेवटी सह्या.
सिस्टरांची, शालिकरामची,
रुग्णांतर्फे गणवीरची, सावकाश, पूर्ण नावानिशी.
पेन हातोहात फिरून माझ्याकडे परत येतो.
विचार करताना टोपण दातांत धरायची
माझी शाळेपासूनची सवय,
आणि हात ओठांपर्यंत गेलेला.

सत्तेचाळीस प्रश्नांत
या पेनाचा प्रश्न नव्हता.

सिस्टरांनी पाहिलंय.
त्या हसत नाहीत.
कपाटाकडे जातात, कुलूप काढतात,
वेष्टन टराटरा फाडून
साबण बेसिनवर ठेवतात, ओल्या कडेला, उघड्यावर.

आज पाण्याचा दिवस आहे का
हे न विचारता
मी नळ सोडते.